मागचं इंजिन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी लोणावळ्याची. आमचे अब्बा रेल्वेत गँगमन होते. घाटातल्या रुळांवर, धो धो पावसात, खांद्यावर हातोडा घेऊन फिरण्यात त्यांची उमर गेली. लहानपणी त्यांच्याबरोबर स्टेशनात गेले की मी गाडीचं पुढचं इंजिन पाहायला धावायची. अब्बा माझा हात धरून मला गाडीच्या शेवटच्या डब्याकडे न्यायचे. तिथे आणखी इंजिनं लावलेली असायची. मुंबईकडून येणाऱ्या जड गाडीला कर्जतला ही इंजिनं मागून जोडतात. रेल्वेतली माणसं त्यांना 'बँकर' म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, ही मागून रेटतात, तेव्हा कुठे गाडी बोरघाट चढते. लोणावळा आलं की ही इंजिनं सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा घाट उतरून कर्जतला जातात. अब्बा म्हणायचे, "पुढच्या इंजिनाकडे सगळेच बघतात. घाट कोण चढवतं, ते इथं येऊन बघ."

आज महिलांच्या गट-मार्गदर्शनाविषयी बोलायचं ठरलं, तेव्हा मला पहिल्यांदा ही मागची इंजिनंच आठवली. हल्ली या कामाला 'मेंटरिंग' म्हणतात. चार पावलं पुढे गेलेली एखादी बाई दहा-पंधरा जणींना घेऊन बसते. त्यांना लिहायला, हिशेब ठेवायला, चारचौघांत बोलायला शिकवते, अडल्यानडल्याला उभी राहते. मोठमोठ्या संस्था आणि कंपन्या असे कार्यक्रम आखतात, त्यांचे अहवाल निघतात. ऐकणाऱ्याला वाटावं की, ही काहीतरी परदेशातून आलेली नवी गोष्ट आहे. पण आपल्या पुणे जिल्ह्यात हे काम पावणेदोनशे वर्षं चाललं आहे. नाव नवं आहे, एवढंच.

सावित्रीबाई फुले १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या, हे आपण शाळेत वाचतो. पण त्यांना उभं राहायला कोणी शिकवलं, हे आपण फारसं विचारत नाही. जोतीरावांनी घरी अक्षरओळख करून दिली. पुढे अहमदनगरच्या मिस फरार आणि पुण्याच्या मिसेस मिचेल यांच्याकडे त्यांनी शिकवण्याचं शिक्षण घेतलं. म्हणजे आपल्या या पहिल्या शिक्षिकेच्या मागेही कोणीतरी होतं. आणि स्वतः शिकल्यावर त्या वरच थांबल्या नाहीत. १८५२ मध्ये त्यांनी महिला सेवा मंडळ काढलं आणि संक्रांतीच्या तिळगुळाला बायकांना बोलावलं. कलेक्टर जोन्स यांच्या पत्नी त्या समारंभाच्या अध्यक्ष होत्या. आमंत्रणात स्पष्ट म्हटलं होतं की, कोणत्याही जातीच्या बायका आल्या तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल.

हे एकाच जाजमाचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. शिकवणारी खुर्चीवर आणि शिकणारी जमिनीवर, अशी रीत आपल्याकडे जुनी आहे. जमिनीवरसुद्धा कोणी पाटावर, कोणी उंबऱ्याबाहेर. ती उतरंड मोडल्याशिवाय गट होत नाही, नुसता जमाव होतो. सावित्रीबाईंनी पहिल्यांदा बसण्याची जागा बदलली. त्याचं फळ तीनच वर्षांत दिसलं. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला.

याच काळातलं आणखी एक नाव माझ्या जिव्हाळ्याचं आहे. फुले दांपत्याला घर सोडावं लागलं, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. त्याच घरातल्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सोबतीने शिकवू लागल्या, असं मानलं जातं. फातिमाबद्दल लिहिलेलं फारच थोडं हाती आहे. सावित्रीबाई आजारपणात माहेरी, नायगावला होत्या. तिथून १० ऑक्टोबर १८५६ ला त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. आपल्या गैरहजेरीत फातिमावर कामाचा ताण पडत असेल, पण ती कुरकूर करणार नाही, अशा अर्थाचं एक वाक्य त्या पत्रात आहे. एवढंच. लहानपणी मला कोणी हे नाव सांगितलं नाही. खूप उशिरा ते वाचलं, तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ गप्प बसून राहिले होते. कुरकूर न करता ओझं ओढणाऱ्या बाईला इतिहासात एकच ओळ मिळते, पण त्या एका ओळीनेही दीडशे वर्षांनंतरच्या कोणा बाईला बळ येतं.

आता पुढच्या स्टेशनात येऊ. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. बायकांनी एकत्र बसावं, वाचावं, आपल्या अडचणींवर स्वतः बोलावं, असं ते स्वरूप होतं. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना पंडिताबाईंनी मागणी केली की, मुलींसाठी शिक्षिका तयार करा आणि बायकांना डॉक्टरकीचं शिक्षण द्या. आर्य महिला समाजाच्या बैठकांना येणाऱ्यांमध्ये ऐन विशीतल्या रमाबाई रानडे होत्या. या बैठकांना जाण्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. नवरा न्यायमूर्ती आणि सुधारक असला, तरी घरचे टोमणे चुकले नाहीत.

पंडिताबाई परदेशातून परतल्यावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. पुण्याला यायचं म्हणजे बोरघाट चढायचा. १८६३ पासून रेल्वे झाली होती, तेव्हा त्या मुली आमच्याच लोणावळ्यावरून गेल्या असणार. गाडीच्या खिडकीतून धबधबे पाहणाऱ्या त्या बालविधवा मुली मला अनेकदा डोळ्यांपुढे दिसतात. त्यांच्यात एक होती गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. तिची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले वयाची पंचविशी उलटल्यावर अक्षरं गिरवायला बसली. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, त्याची देखरेख पुढे याच पार्वतीबाईंनी केली. आश्रमासाठी वर्गणी मागत त्या गावोगाव हिंडल्या आणि १९१८ मध्ये, इंग्रजी धड येत नसताना, थेट अमेरिकेला गेल्या. एक बहीण शिकली, तिच्यामुळे दुसरी शिकली आणि त्या दुसरीने शेकडो जणींसाठी झोळी पसरली.

आर्य महिला समाजात जाणाऱ्या रमाबाई रानड्यांनीही तेच केलं. न्यायमूर्ती १९०१ मध्ये गेले. १९०९ मध्ये रमाबाईंनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. परिचारिकेचं काम त्या काळी हलकं समजत. सेवासदनाने विधवा बायकांना ससून रुग्णालयात त्या शिक्षणासाठी धाडलं. दुपारी घरकाम आटोपून येणाऱ्या संसारी बायकांसाठी वर्ग काढले, शिक्षिका तयार केल्या. दुपारची वेळ निवडणं ही साधी गोष्ट वाटते. पण बाईचा दिवस कसा जातो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ती सुचते.

इथे माझी स्वतःची गोष्ट येते. आमच्या रेल्वे क्वार्टरजवळच्या चाळीत एक बाई राहायच्या. नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या. त्यांनी स्वतः पुण्यात सेवासदनाच्या अध्यापिका विद्यालयातून शिक्षण घेतलेलं होतं. रोज संध्याकाळी त्या आम्हा पाच-सहा मुलींना आपल्या ओट्यावर बसवायच्या. कोणाचा बाप हमाल, कोणाची आई धुणीभांडी करणारी, माझे अब्बा गँगमन. सातवीनंतर माझी शाळा बंद करण्याचं घरात ठरलं होतं. बाई आमच्या घरी आल्या, अम्मीजवळ चुलीपाशी बसल्या, चहा प्यायल्या. शिक्षणावर त्यांनी भाषण दिलं नाही. "हिला माझ्याबरोबर पाठवा, माझ्याबरोबर परत येईल," एवढंच म्हणाल्या. मी बी. ए. झाले ते त्या एका वाक्यावर. पुष्कळ वर्षांनी हा इतिहास वाचताना लक्षात आलं की, पंडिता रमाबाईंपासून रमाबाई रानड्यांपर्यंत, तिथून आमच्या बाईंपर्यंत आणि बाईंपासून माझ्यापर्यंत ही एकच गाडी आली होती.

पण या गाडीत सगळ्यांना जागा नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. शारदा सदन काय किंवा कर्व्यांचा आश्रम काय, आरंभी तिथे मुख्यतः उच्चवर्णीय विधवा होत्या. त्यांचं दुःख मोठंच होतं. तरी १८५२ चं ते जाजम मधल्या काळात आखूड झालं होतं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिताबाईंनी केडगावला उपाशी, निराधार बायकांना आसरा दिला, तेव्हा ते पुन्हा रुंद झालं. केडगावच्या मुक्ती सदनात बायका छापखाना चालवत, विणकाम करत. मात्र दलित बायकांना आपलं जाजम बहुतेक वेळा स्वतःच अंथरावं लागलं.

त्यासाठी आपल्याला घाट सोडून नागपूरला जावं लागेल. जाईबाई चौधरी लहानपणी ओझी वाहून पोट भरत. एका मिशनरी बाईंच्या मदतीने त्या शिक्षिका झाल्या आणि जातीमुळे त्या नोकरीत अडचण आली, तेव्हा १९२० च्या दशकात त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. पुढे वस्त्यावस्त्यांतून महिला मंडळं झाली. २० जुलै १९४२ ला नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजर होते, आणि सुमारे २५ हजार बायका जमल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार बायकांना रजा आणि भरपाई, मुलींसाठी वसतिगृहं असे ठराव तिथे झाले. या बायकांच्या आठवणी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात आणल्या. तोवर आपल्याला हा इतिहास जवळजवळ ठाऊकच नव्हता.

मुस्लिम बायकांची वाट आणखी अरुंद होती. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने मुंबईत विधान भवनावर मोर्चा निघाला, त्यात सात मुस्लिम महिला होत्या. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी. दलवाईंच्या सगळ्याच मतांशी आमच्या मोहल्ल्यातले लोक सहमत नव्हते, आजही नसतील. पण घरी परतल्यावर त्या सात जणींना काय काय ऐकावं लागलं असेल, याची कल्पना मी करू शकते. एकटी बाई त्या रस्त्यावर गेली नसती. सात जणी होत्या म्हणून गेल्या. एका दमात दिला जाणारा तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवला तो २०१७ मध्ये. मधे ५१ वर्षं गेली.

आता आपल्या काळाकडे येऊ. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्याच वर्षी राज्य सरकारने महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे 'माविम' स्थापन केलं. त्याच सुमारास मुंबईच्या गिरणगावात प्रेमा पुरव यांनी खानावळी चालवणाऱ्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. त्यांनी गट केला, एकमेकींची हमी घेतली आणि बँकेचं कर्ज मिळवलं. तारण ठेवायला दागिना नव्हता, शेजारीण होती.

मावळाच्या शेजारच्या खेड तालुक्यात १९८९ पासून डॉ. सुधा कोठारी आणि त्यांच्या 'चैतन्य' संस्थेने बायकांचे बचत गट बांधायला सुरुवात केली. महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या गटांमध्ये त्यांची गणना होते. नाबार्डने ५०० गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला तो १९९२ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी. २००३ पासून माविमकडे राज्यातल्या बचत गटांचं काम आलं, २०११ मध्ये 'उमेद' अभियान सुरू झालं. या सगळ्यात मला महत्त्वाची वाटते ती माविमची सहयोगिनी आणि उमेदची वर्धिनी. वर्धिनी म्हणजे कोण? जी स्वतः गटातून वर आली, अशी साधी गावातली बाई. ती आपलं घर सोडून दुसऱ्या गावात काही दिवस मुक्काम करते, घरोघर जाते, आपली गोष्ट सांगते आणि नवा गट उभा करून परतते. हे तर अब्बांचं बँकर इंजिनच झालं.

आमच्या वस्तीत असा गट झाला तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. अम्मी तेव्हा चिक्कीच्या कारखान्यात पाकिटं भरायला जायची. गटात अकरा जणी होत्या. मुसलमान, बौद्ध, मराठा, वडार. महिन्याला वीस रुपये बचत. पहिल्या बैठकीला अम्मी दारातच बसली, पदर तोंडावर घेऊन. गट बांधायला कामशेतकडून एक बाई यायची. तिचं स्वतःचं शिक्षण चौथी. तिने अम्मीला आत बोलावलं नाही. आपली वही उचलली आणि दारात अम्मीशेजारी येऊन बसली. हळूहळू इतर बायकाही सरकत आल्या आणि बैठक दारातच झाली. तीन महिन्यांनी अम्मी आपलं नाव लिहायला शिकली. पुढे कर्ज मागायला या अकरा जणी एका बँकेत गेल्या, तेव्हा "तुमचे मिस्टर कुठे आहेत?" असं विचारून त्यांना चार वेळा परत पाठवलं. एकटी असती तर अम्मी पुन्हा गेली नसती. पाचव्या वेळी कर्ज मिळालं. त्यात एकीची शिलाई मशीन आली, एकीच्या पोराची फी भरली गेली.

त्यानंतर अम्मीने जे केलं, त्याची मला तेव्हा किंमत कळली नाही. ती टमटममध्ये बसून नाणे मावळातल्या एका ठाकरवाडीवर जाऊ लागली, तिथल्या बायकांचा गट बांधायला. त्या बायका बोलत नसत, अंगणाच्या कडेला बसत. अम्मी त्यांना सांगायची, "मी पण दारातच बसली होती." बाकी तिला भाषण येत नव्हतं.

आणि मी? मी बी. ए. झाले, लग्न झालं, कविता छापून आल्या, संमेलनांना बोलावणी आली. स्त्रीच्या दुःखावर मी पुष्कळ लिहिलं. पण ओट्यावर मुली घेऊन मी बसले नाही. आमच्या बाईंनी मला घाट चढवला आणि मी गाडीबरोबर पुढे निघून गेले. सहीपुरती अक्षरं येणारी अम्मी मात्र खाली उतरली. ती गेली तेव्हा वाडीवरच्या नऊ बायका दुधाच्या टेम्पोत बसून आमच्या घरी आल्या. मोहल्ल्यातल्या बायकांबरोबर एकाच सतरंजीवर बसल्या. एरवी अंगणाच्या कडेला बसणाऱ्या बायका त्या. मी त्यांच्याकडे पाहत होते, आणि मला त्यांच्यातल्या एकीचंही नाव ठाऊक नव्हतं.

म्हणून आज थोडं स्पष्ट बोलते. बचत गट आता गावोगाव आहेत. पण कितीतरी ठिकाणी बैठक दहा मिनिटांची झाली आहे. हप्ता द्यायचा, सही करायची, उठायचं. दारात कोण बसली आहे, ती का बोलत नाही, हे पाहायला कोणाला वेळ नाही. कर्ज देणाऱ्या कंपन्याही बायकांचा गट करतात, पण तो वसुलीसाठी. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात उभ्या. ज्या गटाने शेजारणीची हमी घेतली, त्याच गटाने तिच्यावर पहारा ठेवायचा, ही उलटी गत झाली. आमच्या मावळातल्या कातकरी बायकांना तर साधा गटही टिकवणं कठीण, कारण दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जातात. त्यांच्यासाठी बैठकीचं वेळापत्रक भट्टी पाहून ठरवावं लागेल, जसं सेवासदनाने दुपारची वेळ पाहिली होती. आणि गट बांधणाऱ्या बाईचं मानधन तुटपुंजं ठेवून तिच्याकडून मोठ्या कामाची अपेक्षा करणंही बरं नाही. इंजिनालाही इंधन लागतं.

सावित्रीबाईंपासून अम्मीपर्यंत या इतिहासाने मला एक गोष्ट शिकवली. वर पोचलेल्या बाईचा सत्कार करणं सोपं असतं. ती पुन्हा खाली उतरते का, यावर पुढच्या बाईचं नशीब ठरतं.

गेली तीन वर्षं मी दर शनिवारी त्या ठाकरवाडीवर जाते. उशिरा का होईना, उतरले. पाच मुली येतात, सतरंजी मी घरून नेते. त्यांच्यातली एक यंदा बारावी झाली, आता पुण्याला नर्सिंगला जायचं म्हणते. पेढे घेऊन आली होती. मी तिला म्हटलं, पेढे राहू दे, पुढच्या शनिवारी तू शिकवायला बस. ती लाजली. पण शनिवारी आली, आणि येताना धाकट्या बहिणीला घेऊन आली.